सर, ती लग्नपत्रिका अजून माझ्याकडे आहे

सर, साष्टांग नमस्कार.

परवा क्लासमधून फोन आला. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीत ९६ पर्सेंटाइल पडले ना, फ्लेक्सवर लावायला फोटो हवा म्हणे. वर्षभर ज्यांना माझं नाव धड आठवत नव्हतं, ते "बेटा, बेटा" करत होते. फोन ठेवला आणि तुमची इतकी आठवण आली की हे लिहायला बसले. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, त्यामुळे नातवाला वाचून दाखवायला सांगा.

त्या क्लासला आईच्या भिशीचे सगळे पैसे गेले. तिथं चाचणीच्या मार्कांवर बॅच ठरायची आणि मी कायम तिसऱ्या बॅचला. एकदा रूट टॅन एक्सच्या इंटिग्रेशनचा डाऊट घेऊन गेले तर तिथले सर म्हणाले, "हे तुमच्या बॅचसाठी नाही." मागे उभी असलेली दोन पोरं हसली. त्यानंतर मी डाऊट विचारणंच सोडलं. पहिल्या वेळी ७१ पर्सेंटाइल पडले यात नवल नाही. पेपर २०० मार्कांचा, त्यात एकट्या गणिताचे १००, तोही फक्त इंग्रजीतून. फिजिक्स-केमिस्ट्रीला निदान मराठीचा पर्याय असतो. गणितालाच घाबरणाऱ्या, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्यासारखीचं काय होणार!

मग गॅप घेतला आणि वाचनालयात येऊन बसायला लागले. तुम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर पेपर वाचत असायचा. हायस्कूलला गणित शिकवून निवृत्त झालात एवढंच मला माहीत होतं. तो रूट टॅन एक्स तुमच्यापुढं ठेवला तेव्हा तुम्ही चष्मा वर सरकवलात, पाच मिनिटं बघितलंत, आणि म्हणालात, "मला येत नाही गं. बी.एस्सी.ला केलं होतं, विसरलो. उद्या सांगतो."

सर, मला येत नाही! हे वाक्य मी गणिताच्या शिक्षकाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तोवर मला वाटायचं, न येणं हा फक्त माझाच रोग आहे.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच तुम्ही पायरीवर बसला होतात. हातात कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, तिच्या कोऱ्या बाजूला निळ्या पेनानं पूर्ण गणित, वर दोन ठिकाणी खाडाखोड. रूट टॅन एकटं सुटत नाही, म्हणालात. त्यात एकदा रूट कॉट मिळवायचं, एकदा वजा करायचं. दोन वेगळी गणितं होतात आणि दोन्ही सरळ सुटतात. मग त्यांची बेरीज करून निम्मी करायची. "रात्री दीड वाजला," असं तुम्ही अगदी खुशीत सांगितलंत. खाडाखोडीवर बोट ठेवून म्हणालात, "इथं फसलो होतो बघ."

बाकी तुम्ही पुढं पुष्कळ शिकवलंत. वजा गुण नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे तर इतक्यांदा सांगितलंत की परीक्षेत स्क्रीनसमोर तुमचा आवाजच ऐकू येत होता. रूट टॅन काही पेपरात आलं नाही. पण त्या खाडाखोडीमुळं मी परत प्रश्न विचारायला लागले.

आमचे पप्पा गवंडी आहेत. ओळंबा लावून भिंत तिरकी निघाली तर मालकानं बघायच्या आधीच पाडतात आणि आपल्या खर्चानं परत उचलतात. आई कुरकुरते, पण तीही जाणते. तुमच्या-त्यांच्यासारखी माणसं फ्लेक्सवर कधी दिसत नाहीत. गावातली घरं मात्र त्यांच्या जिवावर उभी असतात.

फोटो दिला नाही, सर. "मी तुमच्या बॅचची नाही," एवढं बोलले आणि फोन ठेवला. जरा उद्धटपणाच झाला, तुम्ही रागवाल. पण बरं वाटलं.

कराडला शासकीय अभियांत्रिकीत सिव्हिलला नंबर लागलाय. दिवाळीच्या सुट्टीत येते. एम-वनमधलं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या गणिताच्या पेपरातलं, पार्शल डिफरन्शिएशनचं एक गणित चार दिवसांपासून अडलंय, ते वहीत उतरवून आणते. कोरी पत्रिका मीच घेऊन येईन.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची