विषय : आपल्या खुराड्याच्या जाळीमुळे कोंबड्याच्या पायाला झालेली जखम आणि आपल्या ‘तज्ज्ञा’ने केलेले चुकीचे निदान

मा. तक्रार निवारण अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

जूनच्या सुरुवातीला मी आपल्या कंपनीचा जोडणीचा खुराडा ऑनलाइन मागवला. किंमत 6,850 रुपये. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. जाहिरातीत ‘पायांना सुरक्षित जाळी’ असे ठळक लिहिले होते. आमच्या परड्यात चार कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. कोंबडा दोन वर्षांचा, तीन किलोच्या आसपास. दिवसभर कोंबड्यांवर नुसती देखरेख करत फिरतो, म्हणून घरात त्याला सगळे मुकादम म्हणतात.

महिन्याभरात मुकादम उजवा पाय उचलून उभा राहायला लागला. मी आपल्या चॅटवर फोटो पाठवला. पलीकडच्या ‘पक्षीतज्ज्ञा’ने पाच मिनिटांत निकाल दिला: मरेक्स नावाच्या कोंबड्यांच्या आजाराचा लकवा आहे, बरा होणार नाही, वेगळा काढा नाहीतर कापून टाका. त्याच दमात उरलेल्या पक्ष्यांसाठी म्हणून आपल्याच कंपनीचे 380 रुपयांचे कॅल्शियम टॉनिक घ्यायला लावले. आजार व्हायरसचा आणि औषध कॅल्शियमचे, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते. शेजारच्या काकूंनी तर ऐकल्या ऐकल्या, “मग आता तांबडा-पांढरा करून टाका की!” म्हणून विषयच मिटवला. कोल्हापुरात राहून कोंबड्याला औषधपाणी करायचे म्हणजे हसू होणारच, त्याचा मला राग नाही. पण जो सल्ला काकूंनी गमतीने दिला, तोच आपल्या तज्ज्ञाने गंभीरपणे द्यावा?

दुसऱ्या दिवशी मुकादमाला पाटीत घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी त्याला जमिनीवर सोडून चार पावले चालू दिले. मग दोन्ही पाय मांडीपासून बोटांपर्यंत एकाच वेळी चाचपले. एखादा सांधा गरम लागतो का, हाड कुठे हलते का, हे दोन्ही बाजू ताडून पाहिले. हाड शाबूत होते. मग त्यांनी त्याच्या पंजाखाली स्वतःचे बोट धरले. मुकादमाने ते दुखऱ्या पायानेसुद्धा घट्ट आवळले. “लकवा असता तर पकड अशी आली नसती,” डॉक्टर म्हणाले. मरेक्स बहुतेक वाढत्या वयाच्या पक्ष्यांत दिसतो, आणि एक पाय पुढे, एक मागे असा पसरून पक्षी बसून राहतो, हेही त्यांनी सांगितले. शेवटी पंजा उलटा केला. तळव्याच्या मधोमध मुगाएवढी काळी खपली, भोवती लाल सूज, हात लावला तर गरम. माणसाला कुरूप होते ना, अगदी तसे दिसत होते. याला बंबलफूट म्हणतात. टोचून किंवा घासून तळव्याला बारीक जखम होते, तीतून जंतू आत शिरतात आणि आत गाठ धरते.

कोमट पाण्यात पाय भिजवून डॉक्टरांनी खपली सोडवली. आतून निघाला तो पातळ पू नव्हता, वाळल्या खोबऱ्यासारखा घट्ट पांढरा खडा होता. पक्ष्यांचा पू असाच घट्ट होतो म्हणे. पोव्हिडोन आयोडीनने जखम धुतली, गॉज बांधला, वजन करून त्या हिशोबाने अँटिबायोटिक दिले. मला सांगितले, रोज हातमोजे घालून पट्टी बदला, हे जंतू माणसालाही लागतात; औषधाचा कोर्स अर्धवट सोडू नका; घरी ब्लेड घेऊन कोरत बसू नका. टॉनिकची बाटली पाहून ते नुसते हसले. अंडी न घालणाऱ्या पक्ष्याला जादा कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधते. ते ‘उरलेल्या पक्ष्यांसाठी’ पाण्यात टाकायचे होते, आणि पाणी तर मुकादमही त्याच भांड्यातले पितो.

घरी येऊन मी खुराड्याच्या तळाची जाळी उलटी करून तळहात फिरवला. जोडाच्या तीन ठिकाणी तारेची कापलेली टोके वर आलेली आहेत. फोटो सोबत आहेत, एकात माझ्या बोटाला लागलेला ओरखडाही दिसेल. बसायची दांडी म्हणजे बारीक लोखंडी नळी, तीही इतक्या उंचावर की तीन किलोचा कोंबडा रोज पहाटे तिथून थेट तारेवर उतरतो. आमच्या आत्ती आयुष्यभर डालग्याखाली कोंबड्या झाकत आल्या. त्यांचे म्हणणे एवढेच, की खाली माती होती, म्हणून पाय कधी गेले नाहीत.

आता मुकादम भाताच्या तुसाच्या जाड थरावर असतो आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवलेल्या रुंद, सपाट फळीवर झोपतो. तीन आठवड्यांत जखम भरली. लंगडणे पूर्ण गेलेले नाही.

खुराड्याचे 6,850, टॉनिकचे 380 आणि औषध-पट्टीचे 540, असे 7,770 रुपये मला परत मिळावेत. ‘पायांना सुरक्षित’ हे शब्द जाहिरातीतून काढावेत आणि हाच खुराडा घेतलेल्या इतर ग्राहकांना जाळीचे जोड तपासायला कळवावे. फोटोवरून रोग सांगणारी ती चॅट बंद करावी. निदान ‘तळवा बघितला का?’ एवढे तरी तिने आधी विचारावे.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला हवे. माझ्या पहिल्या दोन ई-मेलना पोचही आली नाही. याही पत्राचे तसेच झाले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करून मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी मला आपल्या गावी यायची गरज नाही.

खुराडा सुटा करून परड्यात भिंतीला टेकवून ठेवला आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आधी फोन करा. मुकादम लंगडत असला तरी परक्या माणसाच्या पोटरीवर धावून जातो.

आपली,
एक ग्राहक
कसबा बावडा, कोल्हापूर