डाकबंगले जपा, पण कुलूप लावून नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकणातले जुने डाकबंगले, म्हणजे इंग्रजांच्या काळात प्रवासातल्या मुक्कामासाठी रस्त्यालगत बांधलेली विश्रामगृहं, पर्यटनस्थळ म्हणून जतन करावेत, अशी मागणी हल्ली वरचेवर कानावर येते. मागणी रास्तच आहे. भीती एवढीच, की आपल्याकडे जतन म्हणजे कुंपण, नामफलक, 'सेल्फी पॉइंट' आणि दाराला कुलूप!

वेंगुर्ला-आंबोली-बेळगाव रस्ताच घ्या. बेळगावच्या छावणीसाठी माणसं आणि माल वेंगुर्ला बंदरात उतरायचा आणि बैलगाडीने घाट चढायचा. अशा प्रवासात वाटेवर मुक्काम आलाच. पुढे 1888 मध्ये मुरगावपर्यंत रेल्वे झाली, व्यापार तिकडे वळला आणि बंदर ओस पडत गेलं. त्याच वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातली डच वखार आहे. कागदोपत्री संरक्षित स्मारक. छप्पर केव्हाच गेलेलं, उरल्या त्या भिंती.

जांभ्याच्या चिऱ्याचं, कौलारू घर राबतं असेल तरच टिकतं, हे कोकणात कुणाला सांगायला नको. मिरगाआधी शाकारणी झाली नाही, एखादं कौल सरकलं, की पाणी थेट वाशांत. चूल पेटत नाही, खिडक्या उघडत नाहीत, तिथे वाळवी लागायला एक पावसाळा पुरतो. आंबोलीत तर वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस! त्यात डागडुजीच्या नावाखाली जुन्या चुन्यावर सिमेंटचा गिलावा चढवतात. चिऱ्याने शोषलेली ओल बाहेर पडत नाही, भिंत आतून सडते आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. वर पुन्हा ऑइलपेंट. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आता मोजकेच राहिलेत, त्यांना आताच गाठायला हवं.

म्हणून माझं म्हणणं, बंगल्यात माणसं उतरू द्या. खानसाम्याची जागा गावातल्या बचत गटाला द्या. घावणे आणि सोलकढी मिळाली तर कुणी 'मल्टिक्युझिन' मागणार नाही. एका खोलीत जुने नकाशे, फोटो लावा, हवं तर तिकीटही ठेवा. पण उरलेल्या खोल्या सामान्य प्रवाशाला मिळाल्या पाहिजेत. आज सरकारी विश्रामगृहात चौकशी केली, तर 'साहेब येणार आहेत' हे उत्तर ठरलेलं. साहेब येवोत न येवोत, खोली रिकामीच!

निधी जाहीर करण्याआधी संबंधित खात्याने निदान एक करावं: प्रत्येक बंगल्याच्या फाटकावर खोलीचा दर आणि बुकिंगचा नंबर मराठीत लिहावा, आणि तो फोन उचलावा.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी