वाकडी बोटं ओळखणाऱ्या मुलीला

२ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये पावसात उभी असलेली स्वयंसेविका, हे पत्र तुझ्यासाठी आहे.

तुझं नाव मला ठाऊक नाही. गळ्यातलं ओळखपत्र तू रेनकोटच्या आत टाकलं होतंस आणि विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. वयाने तू माझ्या लेकीएवढी, म्हणून ‘तू’च म्हणते. महिला विश्वचषकाच्या फायनलला चाळीस हजारांच्या आसपास माणसं आली होती. त्यात साडीवर भारताची निळी जर्सी चढवून काठी टेकत आलेली एक म्हातारी बाई तुझ्या लक्षात असेल की नाही, कोण जाणे. ती माझी आत्या. तिला मात्र तू पक्की लक्षात आहेस. घरी कुणीही आलं की मॅचच्या आधी ती तुझ्याबद्दल सांगते, मग शफालीबद्दल.

तो आठवडा क्रिकेट बघणाऱ्या कुठल्याच माणसाला विसरता येणार नाही. आधीच्या रविवारी बांगलादेशबरोबरची मॅच पावसात गेली, आणि जाता जाता प्रतिका रावलचा पाय घेऊन गेली. त्याआधी दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड अशा तीन मॅच आपण ओळीने हरलो होतो. इंग्लंडविरुद्ध तर जिंकत आलेली मॅच चार धावांनी घालवली. न्यूझीलंडला हरवून सेमीफायनल गाठली, आणि नेमकी तेव्हाच भरवशाची ओपनर जायबंदी. गुरुवारी सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाने ३३८ केल्या तेव्हा आमच्याकडे निम्मी मंडळी ‘झालं आता’ म्हणत जेवायला उठली. आत्या जागची हलली नाही.

आपली जेमिमा रॉड्रिग्ज ८२ वर असताना तिने उंच मारलेला बॉल ऑस्ट्रेलियाच्या कीपर हीलीच्या ग्लव्हजमधून सुटला. आम्ही सगळे ओरडलो, नाचलो. आत्या मात्र गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, “बिचारी. कीपरने पकडलेले कॅच कुणी मोजत नाही गं. सुटलेला मात्र जन्मभर दाखवतात.” त्या क्षणी अख्ख्या देशात हीलीसाठी हळहळणारी ती बहुधा एकटीच असेल. पुढे जेमिमाने नाबाद १२७ केल्या. इंग्लंडच्या मॅचला जिला बाहेर बसवलं होतं आणि तिसऱ्या नंबरवर जायचंय हे जिला अगदी ऐन वेळी कळलं, तीच ही पोरगी. कर्णधार हरमनप्रीतने ८९ केल्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढा मोठा पाठलाग त्याआधी कुणी केला नव्हता, आणि आपण तो नऊ बॉल राखून केला. जेमिमा मैदानावर रडत होती आणि इकडे आत्या पदराने डोळे टिपत होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्याने फायनलची तिकिटं मिळवली. आत्याने ‘मी येणार नाही’ म्हणून सरळ सांगितलं.

त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी मी तिला मुलींची एक मॅच बघायला घेऊन गेले होते. मैदानाचं नाव घेत नाही, त्यात आता हशील नाही. पायऱ्या नसलेला खालचा स्टँड कुलूप लावून बंद ठेवलेला. आम्ही विनंती केली, तर तिथला माणूस खुर्चीतून न उठता म्हणाला, “बायकांची मॅच आहे, त्यासाठी कोण स्टँड उघडत बसणार? आणि आजी, तुम्हाला ह्यातलं काय कळतंय?” आत्या काही बोलली नाही. आम्ही रिक्षा करून परत आलो. त्यानंतर तिने मैदानावर पाऊल ठेवलं नाही.

ह्यातलं काय कळतंय! आत्या १९७० च्या दशकात कॉलेजकडून आणि पुढे विद्यापीठाकडून खेळली, विकेटकीपर म्हणून. बायकांचा पहिला विश्वचषक १९७३ साली झाला, पुरुषांच्या दोन वर्षं आधी, हे आमच्या घरात आम्हाला तिच्याकडूनच कळलं. त्या काळी भारताकडून खेळणाऱ्या शांता रंगास्वामी, डायना एडलजी, फौजिया खलिली ही तिची दैवतं. त्यांनी रेल्वेच्या बिनआरक्षणाच्या डब्यातून प्रवास केला, मिळेल तिथे सतरंजी टाकून झोपल्या, आणि तरी खेळल्या. १९७८ साली भारतात विश्वचषक झाला तेव्हा आत्याचं नुकतंच लग्न झालं होतं. ग्लव्हज माहेरच्या माळ्यावर पडले ते पडलेच. सासरी ती पेपरात स्कोअर शोधायची. सापडला तर कोपऱ्यात दोन ओळी असायच्या.

तिच्या हाताची बोटं वाकडी राहिली ती तेव्हापासून. तिला बघायला पाहुणे यायचे तेव्हा घरातल्या बायका तिला उजवा हात पदराखाली घ्यायला सांगायच्या. लग्न झाल्यावर कुणी संधिवात म्हणायचं, कुणी दारात बोट चेमटलं असेल म्हणायचं. तिनेही कुणाला दुरुस्त करायचं सोडून दिलं. पन्नास वर्षं माणसांनी तो हात पाहिला. त्यावर तांदूळ वाहिले, तो हातात घेऊन बांगड्या भरल्या, त्याला मेंदी लावली. ही बोटं अशी कशाने झाली, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही.

भाच्याने फार गळ घातली म्हणून ती रविवारी आली. पावसाने मॅच लांबली होती. तीनला सुरू होणारी पाचला सुरू झाली. तोवर पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या आणि गर्दी तर विचारू नकोस. आत्या एका पायरीवर थांबली आणि म्हणाली, “मी इथेच बसते, तुम्ही जा.” तेवढ्यात तू आलीस. कुणाकुणाशी बोलून तू आम्हाला जागेपर्यंत कसं नेलंस, ते लिहीत बसत नाही. ते तुझं कामच होतं असं तू म्हणशील, आणि तसंही मला लिहायचंय ते त्याबद्दल नाहीच.

मला लिहायचंय ते त्या मधल्या पायरीबद्दल. उतरताना तू तिचा उजवा हात हातात घेतलास आणि थांबलीस. मला वाटलं, काठी अडकली. तू तिच्या बोटांकडे पाहत होतीस. करंगळी, मग शेजारचं बोट, मग पुन्हा करंगळी. आणि तू विचारलंस, “आजी, कीपिंग करायचात का?”

मी आत्याचा चेहरा पाहिला. मला तो सांगता येणार नाही. तिला पटकन उत्तरच देता येईना. मग म्हणाली, “हो. तुला कसं कळलं?” तू रेनकोटची बाही वर सारलीस आणि तुझा हात तिच्या हाताशेजारी धरलास. तुझंही बोट तसंच, पहिल्या पेरापाशी एका बाजूला झुकलेलं. “मी पण कीपर आहे,” म्हणालीस, “कॉलेजच्या टीममध्ये.”

मागून लोक ढकलत होते. कुणीतरी ‘चला ना पुढे’ म्हणून ओरडलंही. तू मान वळवून त्यांना म्हणालीस, “दोन मिनिटं थांबा, आजी कीपर होत्या.” मग खालच्या पायरीवरच्या तुझ्या दोन मैत्रिणींनाही हाक मारून तेच सांगितलंस. त्या वर आल्या. एकीने विचारलं, “स्पिनरला स्टंपजवळ उभ्या राहायचात?” आत्या म्हणाली, “हो तर! आणि हेल्मेट कसलं? साधी टोपी पण नसायची.” तीन मुली आणि एक आजी, पावसात, भर पायऱ्यांवर कीपिंगवर बोलत होत्या, आणि ढकलणारी माणसं निमूट थांबून ऐकत होती. ज्याने ओरडून घाई केली होती, त्यानेच पुढे होऊन आत्याची काठी धरली.

मॅच साऱ्या जगाने पाहिली, तिच्याबद्दल मी नवीन काय सांगणार? शफाली वर्मा आठवडाभरापूर्वी संघातही नव्हती. प्रतिकाच्या जागी आली, ८७ धावा काढून गेली आणि वर दोन विकेट घेतल्या. दीप्तीने ५८ धावा आणि पाच बळी, दोन्ही दिलं. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट शतक करून उभी होती तोवर आमच्या रांगेत कुणी नीट श्वास घेत नव्हतं. अमनजोतने तिचा तो कॅच दोनदा हातातून निसटू देऊन तिसऱ्यांदा धरला, तेव्हा माझी नखं भाच्याच्या दंडात रुतली होती. आत्या रात्रभर पाहत होती ती मात्र आपल्या कीपरला, रिचा घोषला. बॉल कुठे गेला हे ती रिचाच्या पायांवरून ओळखत होती. शेवटचा कॅच हरमनप्रीतने मागे धावत जाऊन घेतला. बावन्न धावांनी विश्वचषक आपला झाला. २००५ ची हरलेली फायनल, २०१७ ची लॉर्ड्सवर हरलेली फायनल, आणि त्याही आधीची ती सगळी बिनआरक्षणाची वर्षं, कुणाकुणाचं ऋण त्या एका कॅचने फिटलं, कोण सांगणार?

मग प्रतिकाला व्हीलचेअरवरून मैदानात आणलं. मिताली राज, झूलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा या आधीच्या पिढीतल्या खेळाडूंना बोलावून मुलींनी करंडक त्यांच्या हातात दिला. तो हातात आल्यावर झूलन रडली. हरमनप्रीत प्रशिक्षक अमोल मुझुमदारांच्या पाया पडली. प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा करूनही त्या माणसाला भारताची कॅप कधी मिळाली नव्हती. हरलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या मुलींनाही आपल्या मुलींनी जवळ घेतलं. ह्यातलं काहीही स्कोअरबोर्डवर येत नाही. जिंकल्यावर नाचायला सगळेच तयार असतात. मागे वळून ‘तुमच्यामुळे’ म्हणायला मात्र वेगळं मन लागतं. ह्या मुलींकडे ते आहे, आणि त्यांच्याइतकंच तुझ्याकडे आहे.

विजयानंतर क्रिकेट मंडळाने ५१ कोटींचं बक्षीस जाहीर केलं. मिळायलाच हवं होतं, त्यात दुमत नाही. पण २००५ च्या विश्वचषकात आपण उपविजेते झालो तेव्हा मॅचमागे हजार रुपये मिळाले होते, हे मितालीनेच सांगितलंय. आणि आत्याच्या पिढीला तर गाडीभाडंसुद्धा खिशातून घालावं लागलं. त्या बायका आज सत्तरीत आहेत. कुणाच्या तरी आई, आजी, मावशी म्हणून ट्रेनमध्ये उभ्या राहून जातात, आणि त्यांनी काय केलंय ते शेजारच्या सीटवरच्या माणसाला माहीत नसतं. त्यांच्यासाठी कोणी समारंभ करो न करो. तू केलंस तेवढं कुणालाही करता येण्यासारखं आहे. ते कुणी करत नाही, ह्याचा मला राग येतो. ज्याने तो स्टँड उघडला नाही, त्याला आत्याने केव्हाच माफ केलं असेल. मी केलेलं नाही.

रात्री उशिरा आम्ही निघालो तेव्हा तू कुठे दिसली नाहीस. आत्याने तुला शोधायला लावलं, गर्दीत जमलं नाही. दुसऱ्या दिवशी भाचा माहेरच्या घरी जाऊन माळा धुंडाळून आला. ग्लव्हज उंदरांनी संपवले आहेत, आतले सुती ग्लव्हज तेवढे मिळाले. ते तिने धुऊन उन्हात वाळत घातले. त्यानंतर सोसायटीतल्या मुलांना संध्याकाळी खुर्चीवर बसून ती कीपिंग दाखवते. आईबापांना पहिल्यांदा गंमत वाटली, आता ते मुलांना वेळेवर पाठवतात.

तुझ्यासाठी तिने निरोप दिला आहे. तिने सांगितला तसाच लिहिते, कारण एक शब्द बदलला तर ती मला सोडणार नाही:

“पोरी, तुझं बोट ज्या बाजूला झुकलंय त्यावरून सांगते, तू बॉल घेताना बोटं समोर रोखतेस. माझी त्यानेच मोडली. बोटं जमिनीकडे ठेव, तळवे उघडे. बॉल टप्पा पडून वर येईल तशी वर ये, आधी उठू नकोस. लेगला जाणाऱ्या बॉलला आधी पाय हलव, हात नंतर. आणि बोट दुखत असताना टेप बांधून मॅच खेळायला कुणी सांगितलं तर नाही म्हण. मी नाही म्हटलं नव्हतं.”