येतो म्हणून न येणारे

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

विकायला काढलेलं घर बघायला रविवारी तिघांना वेळ दिली आणि एकही फिरकला नाही, असं फोनवर म्हणालीस. घर रिकामं, जायला-यायला तासतासभर, म्हणजे सगळा दिवस पाण्यात. राग येणारच. पण न येणारा माणूस मुद्दाम तुझा वेळ घालवत नसतो. त्याला दुसरं घर पसंत पडलेलं असतं, घरात कुणीतरी नाक मुरडलेलं असतं, किंवा एवढं कर्ज मिळणार नाही हे बँकेत कळलेलं असतं. हे अनोळखी माणसाला सांगण्यापेक्षा फोन न उचलणं त्याला सोपं वाटतं. तेव्हा तू करायचं ते एवढंच: त्याला 'नाही' म्हणणं सोपं करून द्यायचं.

सुरुवात पहिल्या फोनपासून. वेळ देण्याआधी चार गोष्टी गप्पांच्या ओघात विचार. फोटो आणि घराचा नकाशा पाहिलात का? निर्णय कोण कोण घेणार, आणि ते सगळे बरोबर येणार का? कर्ज काढणार असाल तर बँकेशी बोलणं झालंय का? ताबा साधारण कधी हवाय? कर्जाच्या प्रश्नाला जो अडखळतो त्याला लगेच खोडू नकोस, फक्त म्हण, "बँकेत एकदा विचारून घ्या, मग वेळ ठरवू." निम्मा वैताग इथेच वाचतो. आणि घराच्या उण्या बाजू स्वतःहून सांग. लिफ्ट नाही, तिसरा मजला, गाडी बाहेर लावावी लागते, समोरच्या रस्त्याचा आवाज येतो. हे लपवलं तर माणूस फाटकापाशी येतो, मान वर करून मजले मोजतो आणि तिथूनच परततो. तू मात्र वर बसून तो आलाच नाही असं धरून चालतेस.

वेळ दोन-तीन दिवसांच्या आतली दे. पुढच्या आठवड्यातली वेळ लोक खुशाल घेतात आणि विसरतात. कुणी तसं म्हणालं तर, "दोन दिवस आधी फोन करा, तेव्हा पक्कं करू," एवढंच सांग.

आता मेसेज. फोन ठेवल्या ठेवल्या हा पाठव:

"शनिवार, सकाळी ११.२०. शुक्रवारी संध्याकाळी मी विचारेन, तुमचं 'हो' आलं की पूर्ण पत्ता पाठवते. बेत बदलला तर नुसतं 'नाही' लिहा, कारण विचारणार नाही."

शेवटचं वाक्य गाळू नकोस, सगळी भिस्त त्याच्यावर आहे. आणि 'नाही' आलं की खरंच कारण विचारू नकोस. "ठीक आहे, कळवल्याबद्दल आभार," बस्स. शुक्रवारी सहाच्या सुमारास "उद्या ११.२० पक्कं ना?" असं विचार. रात्री नऊपर्यंत उत्तर नाही आलं, तर "उत्तर न आल्यामुळे उद्याची वेळ रद्द समजते, नवी हवी असेल तर कळवा," असं लिही आणि ती वेळ दुसऱ्याला देऊन टाक. नुसता धाक घालून उपयोग नाही. 'हो' येईपर्यंत इमारतीचं नाव आणि घराचा नंबर कुणालाही देऊ नकोस. रिकाम्या घराचा पत्ता उगाच पसरलेला बरा नव्हे.

पत्ता पाठवताना लोकेशनची खूण आधी स्वतः तपास. ती पुष्कळदा मागच्या गल्लीत पडते, आणि माणूस पंधरा मिनिटं भिंतीला प्रदक्षिणा घालून निघून जातो. फाटकाचा एक फोटो जोड, कुठला जिना आणि गाडी कुठे लावायची ते लिही.

सगळ्यात मोठा बदल वेळांच्या मांडणीत कर. एकाला सकाळी, एकाला दुपारी, एकाला संध्याकाळी हे बंद. शनिवारी ११ ते १ एवढाच वेळ ठेव आणि वीस-वीस मिनिटांनी एकेकाला बोलाव: ११, ११.२०, ११.४० असं. दोन खोल्यांचं घर बघायला पंधरा मिनिटं पुरतात. मग कुणी नाही आलं तर वीस मिनिटं गेली, दिवस नाही. जिन्यात एक उतरताना दुसरा चढताना दिसला की घराला मागणी आहे हे न सांगता कळतं. (नसलेल्या गिऱ्हाइकाच्या थापा मात्र मारू नकोस, लगेच ओळखू येतात.) फक्त एकाचंच 'हो' आलं असेल, तर त्याच्यासाठी तासभर जायचं की नाही हे त्या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरव.

तिथे पंधरा मिनिटं आधी पोच. खिडक्या उघड, आणि न्हाणीघरात जाळीतून मगभर पाणी ओत. घर बंद असलं की जाळीखालचं पाणी आटतं आणि गटाराचा वास वर येतो, मग बघणाऱ्याला ड्रेनेज खराब वाटतं. एकटी जाऊ नकोस. एजंटाने कितीही गळ घातली तरी किल्ली त्याच्याकडे सोडू नकोस.

ठरल्या वेळेला कुणी आलं नाही तर दहा मिनिटांनी एकदा फोन कर. एकदाच. पुढचं कुणी नसेल तर वीस मिनिटांनी कुलूप लाव आणि लिही, "मी ११.४० पर्यंत थांबले होते. घर पाहायचं असेल तर पुढच्या शनिवारी ११ ते १ मधली वेळ सांगा." टोमणा नको. असा माणूस कधीकधी परत येतो आणि घेतोही. दुसरी संधी द्यायची, पण तुझ्याच ठरलेल्या वेळेत. दुसऱ्यांदाही न कळवता गैरहजर राहिला तर नाव खोड.

एजंटामार्फत येणाऱ्यांचं वेगळं असतं. तिथे बरेचदा गिऱ्हाइकाने 'नाही' असं कळवलेलं असतं, पण निरोप मध्येच अडकतो. एजंट एका फेरीत चार-पाच घरं दाखवतो आणि तुझं शेवटचं असेल तर तिथवर पोचतच नाही. त्याला स्पष्ट विचार, "फेरीत माझं घर कितवं?" पहिलं किंवा दुसरं नसेल तर दुसरा दिवस माग, आणि मागच्या घरातून निघताना फोन करायला सांग.

एक वही ठेव: तारीख, नाव, जाहिरातीवरून की एजंटाकडून, आले, कळवून रद्द केलं, न कळवता गायब. दहा-बारा नोंदी झाल्या की वाच. गायब होणारे एकाच एजंटाचे असतील तर दोष तिथे. सगळीकडचेच असतील तर जाहिरातीत काहीतरी राहिलंय. लोक येऊन पाहून जातात आणि किमतीचं बोलतच नाहीत, तेव्हा किमतीचा विचार कर. वैतागून आधीच भाव पाडू नकोस. जो आलाच नाही त्याने घर पाहिलेलं नाही, भावाबद्दल तो काय सांगणार?

आणि ते "आम्ही नक्की घेणार, आम्ही येईपर्यंत कुणाला दाखवू नका" म्हणणारे. त्यांना गोडीत सांग, की इसार देऊन लेखी होईपर्यंत दाखवणं चालू राहील, तुमची शनिवारची ११ ची वेळ मात्र राखून ठेवते.

तुझी,
आई