डेडलाइन आधी जमिनीवर होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला शब्दांच्या उगमावरचा लेख आवडला. एक दुरुस्ती मात्र सुचवतो. वेळेत काम न देणाऱ्याला ठार मारत, म्हणून 'डेडलाइन', ही त्यातली व्युत्पत्ती कुणीतरी रचलेली आहे. शब्दात मरण आहे हे खरं, पण घड्याळाचा तिथे काही संबंध नव्हता.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, दक्षिणेच्या राज्यांनी जॉर्जियात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तळ उभारला. भोवती उभ्या ओंडक्यांचं कुंपण, आत उघडं मैदान. कुंपणाच्या आत साधारण वीस फुटांवर एक हद्द ठरवलेली होती, तीच 'डेडलाइन'. ती ओलांडणाऱ्याला पहारेकऱ्याने गोळी घालायची. तळाचा प्रमुख कॅप्टन हेन्री वर्झ याच्यावर युद्धानंतर खटला चालला आणि १० नोव्हेंबर १८६५ रोजी त्याला फाशी झाली. त्याच्यावरच्या आरोपपत्रात म्हटलं आहे, की ही रेषा काही ठिकाणी डुगडुगत्या खुंटांवर ठोकलेल्या पट्ट्यांची होती आणि बऱ्याच ठिकाणी नुसती काल्पनिक! म्हणजे न दिसणारी रेषा ओलांडली म्हणून माणूस मरायचा. तळावर एकूण सुमारे ४५ हजार कैदी आले, त्यांतले जवळपास १३ हजार तिथेच मेले. अर्थात बहुतेकांना मारलं ते रोगराईने आणि उपासमारीने, या रेषेने नव्हे.

छापखान्यातही पुढे एक डेडलाइन होती. छपाईयंत्राच्या तळावरची ती खूण. तिच्यापलीकडे लावलेल्या अक्षरांच्या खिळ्यांचा ठसा कागदावर नीट उठत नसे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकी वृत्तपत्रांत हा शब्द मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी रुळला. तुरुंगातली रेषा तिथे थेट पोचली की छापखान्यावाटे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मी स्वतः बरीच वर्षं मुद्रितशोधन केलं, त्यामुळे माझा कौल साहजिकच छापखान्याला!

जागेचा शब्द वेळेला लागला, याचं नवल मात्र वाटू नये. आपली 'मर्यादा' मुळात सीमाच. आज ती वयाला असते, वेगाला असते, वागण्यालाही असते. 'हद्द झाली' म्हणताना तरी कोणाच्या डोळ्यांपुढे शेताचा बांध येतो? 'मुदत' मात्र पहिल्यापासून काळाचीच, म्हणून 'मुदतवाढ' कानाला खटकत नाही. 'डेडलाइन वाढवून मिळाली' हे वाक्य अँडरसनव्हिलच्या कैद्याला ऐकवलं असतं, तर त्याला वाटलं असतं की फिरायला आणखी चार हात जागा मिळाली.

पत्र लांबलं आहे. कात्री लावावी लागली तर मुद्रितशोधनाचं वाक्य खुशाल उडवा, वर्झचा परिच्छेद तेवढा ठेवा.

आपला,
एक जुना वाचक