मंत्रिमहोदय, गुण देणाऱ्यांची परीक्षा कधी घेणार?

मा. विज्ञानमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

आंतरविद्याशाखीय मूलभूत संशोधनाचे मूल्यमापन यापुढे वेगळी समिती वेगळ्या निकषांवर करेल, असे आपण भर सभेत जाहीर केले होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. गेल्या आठवड्यात आमच्या प्रकल्पाची मुदतवाढ नाकारल्याचे पत्र हातात पडले. समिती तीच आणि नमुनाही तोच. फक्त पत्राच्या माथ्यावर आपले नवे घोषवाक्य.

जखम भरताना पेशींचा थर एकत्र पुढे कसा सरकतो, हा आमचा प्रश्न. थराच्या कडेला बोटांसारखे फाटे फुटतात आणि त्यांच्या टोकाशी एखादी थोराड पेशी दिसते. ती मागच्यांना ओढते की मागच्या तिला रेटतात, यावर आमचे भौतिकशास्त्रवाले आणि जीवशास्त्रवाले कडाकडा भांडतात. 'बल' म्हणजे नेमके काय मोजायचे, एवढे ठरेपर्यंत पहिले वर्ष सरले. अहवालात त्या वर्षापुढे शेरा आहे: 'प्रगती असमाधानकारक'.

पहिले समीक्षक लिहितात, भौतिकशास्त्रात नवीन काही नाही. दुसरे लिहितात, गणित फार, जीवशास्त्र कमी. तिसऱ्यांनी 'हा माझा विषय नाही' असे प्रांजळपणे नोंदवले आणि लगेच दहापैकी चार गुणही दिले! क्रिकेटच्या पंचाला कुस्तीच्या फडात उभे करावे, तसली ही तऱ्हा. या तिघांची सरासरी म्हणजे म्हणे आमची गुणवत्ता.

अर्जात विषयासाठी रकाना एकच. दोन विषय लिहिले तर संगणक अर्ज स्वीकारत नाही. पुढे 'तंत्रज्ञान-सज्जता पातळी' विचारली आहे. एक ते नऊची ही मोजपट्टी 'नासा'तून आली, अवकाशातली यंत्रे कितपत तयार आहेत हे पाहण्यासाठी. मूलभूत संशोधनाने तिथे काय भरायचे? आम्ही 'एक', म्हणजे सर्वांत खालची पायरी, लिहिले. 'महत्त्वाकांक्षेचा अभाव,' समितीने लिहिले.

आमची हुशार सहकारी प्रकल्प बुडताना पाहून परदेशी निघून गेली. तिने वाढवलेल्या पेशी गोठवून ठेवल्या आहेत, पुढे त्यांना कोण हात लावणार? माझी बढतीची फाइल अडली, कारण संयुक्त शोधनिबंधात माझा 'वाटा' अपूर्णांकात धरतात. घरी विचारतात, एवढे शिकून काय मिळवलेस. काय सांगू? शून्य पूर्णांक तीन?

हे रडगाणे माझ्या एकट्याचे नाही. ऑस्ट्रेलियातल्या १८ हजारांहून जास्त प्रस्तावांचा अभ्यास २०१६ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आला. विषय एकमेकांपासून जितके दूरचे, तितकी अनुदान मिळण्याची शक्यता कमी. आपल्याकडचे आकडे कोणी काढत नाही. माझ्या अंदाजाने आपल्याकडे असे दहातले नऊ प्रस्ताव पहिल्याच चाळणीत गळत असावेत. चूक असेल तर खरे आकडे जाहीर करा, मी जाहीर माफी मागेन.

भौतिकशास्त्रज्ञ जॉन हॉपफील्ड यांनी १९८२ मध्ये मेंदूतल्या स्मृतीसारखे चालणारे कृत्रिम चेतापेशींचे जाळे मांडले. भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना २०२४ मध्ये मिळाले, ४२ वर्षांनी. आपली समिती तिसऱ्या वर्षी 'ठोस फलित' मागते. बहुधा त्यांचाही प्रकल्प बंद करून मोकळी झाली असती.

आणि फलित मोजायचे कशाने, तर इम्पॅक्ट फॅक्टरने, म्हणजे नियतकालिकातल्या लेखांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा संदर्भ देतात त्या आकड्याने! ग्रंथालयांनी कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवायला उपयोगी पडणारा आकडा माणसांच्या गळ्यात बांधला. त्यावर माणूस जोखू नका, असे सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा येऊन दशक उलटले. आपल्या मंत्रालयात तो कोणी वाचला आहे का? की तिथेही विषयाचा रकाना एकच आहे?

मला अनुदान परत नको, असे म्हणणार नाही. हवेच आहे. पण त्याआधी लेखी सांगा: समितीतल्या किती जणांनी आयुष्यात कधी दुसऱ्या शाखेतल्या माणसाबरोबर प्रयोग केला आहे? नावे नकोत, आकडा चालेल. आकड्यांवर तर आपला फार विश्वास.

आपला,
'प्रगती असमाधानकारक' शेऱ्याचा धनी