मोरीत ब्लीचिंग ओतताना माझा हात थांबवणाऱ्या प्लंबरमामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचा नंबर मी ओट्यामागच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवला होता. दिवाळीआधी घराला रंग दिला, त्यात तो गेला. तुमचं नाव सुचवणारे शेजारचे भाडेकरूही घर सोडून गेले. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. अक्कलकोट रोडच्या बाजूला तुम्हाला ओळखणारं कुणी वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल एवढीच आशा.

जुळे सोलापुरातली कडक भाकरीवाली म्हटलं की आठवेल तुम्हाला. संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता. गड्ड्याच्या यात्रेला घरोघर पाहुणे येतात, त्यामुळे भाकरी आणि शेंगाचटणीच्या ऑर्डरी अंगावर होत्या. त्यात चार दिवसांनी नळ आलेला. नळ येतो त्या दिवशी आपल्याकडे काय होतं ते सोलापूरकराला सांगायला नको. पिंपं भरायची, धुणं, भांडी, पराती, सगळं त्याच दिवशी. आणि नेमकी त्याच दिवशी मोरी तुंबली. सिंकमध्ये पाणी सोडलं की मोरीच्या जाळीतून काळं पाणी वर यायचं आणि उंबऱ्यावरून पिठाच्या डब्यांकडे जायचं.

आधी एकांना बोलावलं होतं. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं की ओट्याखालची फरशी फोडावी लागेल. ते गेल्यावर मी दुकानातून ॲसिडची बाटली आणून ओतली. काहीच झालं नाही. मग ब्लीचिंग पावडरचा डबा उघडला. तेवढ्यात तुम्ही दारात आलात आणि जोरात म्हणालात, “काय करलालाव अक्का? थांबा, आत काय ओतलंय ते सांगा आधी!”

मामा, ॲसिडवर ब्लीचिंग पडलं की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो हे मला तोवर माहीत नव्हतं. दोन्ही बाटल्या-डबे एकाच फळीवर शेजारी ठेवायचे मी वर्षानुवर्षं. पलीकडच्या खोलीत दम्याच्या सासूबाई झोपल्या होत्या. त्या दिवशी तुम्ही दोन मिनिटं उशिरा आला असता तर, हा विचार आजही रात्री मला जागं करतो. मोरी मोकळी झाली हे तर आहेच, पण मला आभार मानायचे आहेत ते आधी या थांबवण्याचे.

नंतर तुम्ही जे केलंत ते मी दाराशी उभी राहून पाहत होते. खिडक्या उघडल्या, रबरी हातमोजे आणि चष्मा चढवला, मोरीतलं पाणी मगानं उपसून अर्ध्या भरलेल्या मोठ्या टबात थोडं थोडं सोडलं. “ॲसिड पाण्यात घालायचं, ॲसिडवर पाणी ओतायचं नाही,” असं सांगितलंत. तुंबलेला पाईप मोकळा करायची स्प्रिंग बाहेर येताना चिखल उडतो, त्यात ॲसिड असेल तर डोळा जातो, म्हणून कुणी काही लपवलं तर प्लंबरचंच नुकसान, हेही तुम्ही समजावलंत. किती जणी माझ्यासारख्या घाबरून ‘काही नाही ओतलं’ म्हणत असतील.

मग बाहेरच्या चेंबरचं झाकण उचललंत. चेंबर कोरडा. म्हणजे चोकअप मोरी आणि चेंबरच्या मधे आहे, सिंकखाली नाहीच. फरशी फोडली असती तर भलत्याच जागी फुटली असती.

तुमची ती स्प्रिंग, करंगळीएवढी जाड, टोकाला बोराएवढा आकडा. मला वाटायचं की ती जोर लावून ढकलायची असते. तुम्ही ती फक्त हँडलनं फिरवत होतात, आणि पाईप जेवढा मागेल तेवढीच आत देत होतात. जोर केला तर ती आतल्या आत गुंडाळते, मग तीच अडकते. एका जागी थांबल्यावर तुम्ही माझ्या हातात हँडल दिलंत. “कडक लागतंय का मऊ?” कडक लागलं आणि फिरवल्यावर पुढे सरकलं तर तो एल्बो, म्हणजे पाईपाचं वळण. मऊ, रबरासारखं लागलं आणि फिरवताना हाताला ओढ जाणवली तर तो गाळ. उलटं फिरवायचं नाही, पकडलेलं सुटतं. माझ्या हाताला ती ओढ खरंच कळली, मामा! तुम्ही म्हणालात की पूर्वी तुम्ही यंत्रमागावर होता, धागा तुटायच्या आधी बोटाला कळायचं, तेच इथं कामाला येतं. ते वाक्य मी विसरलेली नाही.

बाहेर आला तो गोळा पाहून मला धक्का बसला. परातीचं ज्वारीचं पीठ, शेंगांचं तेल, थिजलेलं तूप, चहाचा चोथा आणि मोरीतले केस, सगळं मिळून लादीसारखं घट्ट. पाणी जपायचं म्हणून आम्ही दोन मगांत परात विसळायचो. तेवढ्या पाण्यानं पीठ पाईपात उतरतं, पण पुढे वाहत नाही, जागच्या जागी बसतं. पाण्याची एवढी टंचाई आणि मोरी तुंबणं यांचा संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पाईप धुवायला तुम्ही पिंपातलं पाणी मागितलं नाहीत. धुण्याचं खळबळलेलं पाणी बादलीत होतं, तेच दोनदा एकदम ओतलंत. नळाला चार दिवस असलेल्या घरात एवढा विचार करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पैसेही ठरले तेवढेच घेतलेत. भाकरीची थप्पी दिली तर अर्धी परत ठेवलीत.

आता परात आधी कोरड्या फडक्यानं पुसते, तेलाचं भांडं जुन्या कागदानं. सिंकला बारीक जाळी आहे. नळाच्या दिवशी धुण्याचं पाणी एकदम बादलीभर सोडते. उकळतं पाणी ओतत नाही, पीव्हीसीचे सांधे सैल होतात हे तुम्ही सांगितलं होतं. ॲसिड घरात ठेवणंच बंद केलं. छोटी स्प्रिंग मी विकत घेतली आणि मागच्या महिन्यात शेजारच्या आजींची न्हाणी मीच मोकळी केली. कमोडला मात्र ती लावली नाही, आकड्यानं भांड्याला चरे पडतात म्हणून तुम्ही बजावलं होतं.

आजींनी विचारलं, कुठे शिकलीस? मी तुमचं नाव सांगायला गेले आणि लक्षात आलं की मी तुम्हाला नुसतं मामाच म्हणत होते.

तुमचे हातमोजे त्या दिवशी मोरीच्या कठड्यावर राहिले. दोनदा धुवून, वाळवून पिशवीत ठेवलेत. न्यायला या, तव्यावरची भाकरी आणि ताजी चटणी वाढते. सासूबाईही रोज विचारतात, ते मामा कधी येणार म्हणून.

तुमची,
कडक भाकरीवाली अक्का
जुळे सोलापूर